पाचवी चिमणी

सकाळी फोन हातात घेतला की पडद्यावर पहिल्यांदा जे दिसतं ते चहा होईपर्यंत विसरलेलं असतं. त्या दिवशीची ओळ मात्र पायात कुसळ शिरावं तशी दिवसभर टोचत राहिली. 'आज यांचा वाढदिवस. शुभेच्छा द्या.' शेजारच्या छोट्या गोलात फोटो: वसईच्या वाडीत, विहिरीच्या काठाला, राजेळी केळ्यांचा घड खांद्याशी धरून उभे असलेले, उन्हानं डोळे बारीक केलेले एक काका. काकांना जाऊन दोन वर्षं झाली होती. दफनभूमीतल्या त्यांच्या क्रुसावरचा रंग दोन पावसाळ्यांनी खाऊनही झाला होता. आणि त्यांच्या फेसबुकच्या भिंतीवर सकाळी आठच्या आत शुभेच्छांची रांग. 'उदंड आयुष्य लाभो.' 'जीवेत शरदः शतम्.' केकची चित्रं, फुगे, आणि एकानं तर थेट विचारलेलं, 'काका, पार्टी कधी?'

हसू आलं, मग त्या हसण्याची लाज वाटली, मग रागही आला. पण राग कुणावर धरायचा? शुभेच्छा देणारी माणसं दुष्ट नव्हती. उलट, सकाळच्या धांदलीत कुणाचं तरी भलं चिंतायला त्यांनी पाच सेकंद काढले होते. त्यांना फक्त माहीत नव्हतं. यादीत नाव होतं, फोटो होता, जन्मतारीख होती. माणूस आहे की नाही, एवढंच माहीत नव्हतं.

या घोटाळ्यावर उपाय नाही असं नाही. फेसबुकवर मृत व्यक्तीचं खातं 'स्मृतिखातं' करून घेता येतं. नात्यातल्या किंवा ओळखीतल्या कुणी एक अर्ज भरायचा, सोबत पुरावा जोडायचा: छापून आलेली निधनवार्ता किंवा मृत्यूचा दाखला. अर्ज मान्य झाला की नावापाशी स्मरणाचा एक शब्द येतो, वाढदिवसाच्या आठवणी बंद होतात, 'तुम्ही यांना ओळखत असाल' या यादीत ते नाव पुन्हा डोकावत नाही. जिवंतपणीच वारस नेमून ठेवायची सोयही २०१५पासून आहे. तो वारस फोटो बदलू शकतो, भिंतीवर एक निरोप वरती टाचून ठेवू शकतो, नव्या मैत्रीच्या विनंत्यांना उत्तर देऊ शकतो; पण जुने खासगी संदेश वाचू शकत नाही आणि कुणाला यादीतून काढू शकत नाही. विचार करून आखलेली व्यवस्था आहे, नावं ठेवावीत अशी नाही. अडचण एकच. हे यंत्र स्वतःहून कुणाची चौकशी करत नाही. कुणीतरी येऊन सांगावं लागतं की तो माणूस गेला.

मैत्री या शब्दाला आकडा चिकटला तो याच काळात. फेसबुकवर ५,००० मित्रांची मर्यादा आहे. त्यापुढे लोक नुसते 'फॉलो' करू शकतात. ब्रिटिश संशोधक रॉबिन डनबार यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला माकडांच्या मेंदूचा आकार आणि त्यांच्या कळपाचा आकार यांचं गणित मांडलं आणि त्यावरून माणसाला साधारण १५० माणसांशी खरंखुरं नातं ठेवता येतं असा अंदाज केला. त्या दीडशेतही कांद्यासारखे पापुद्रे: अगदी आतले पाच, मग पंधरा, मग पन्नास. आपल्याकडे माणसांसाठी जेवढा वेळ असतो त्यातला जवळजवळ ४० टक्के त्या पाचांवरच खर्च होतो, असंही ते सांगतात. २०२१मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी १५०च्या आकड्यावर आक्षेप घेतला, आणि तो नेमका आकडा मलाही फार महत्त्वाचा वाटत नाही. वेळ मात्र मोजता येतो. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८मध्ये तो मोजायचा प्रयत्न केला: ओळखीचा माणूस जुजबी मित्र व्हायला सुमारे ५० तास, मित्र व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २००च्या वर. हे तास कामाच्या टेबलावरचे नाहीत. नुसतं एकत्र बसण्याचे, खाण्याचे, रिकाम्या गप्पांचे. आता पाच हजारांना दोनशेनं गुणा. दहा लाख तास. न झोपता, न जेवता ११४ वर्षं. मैत्रीची यादी भरायला बोटाची एक टिचकी पुरते. ती यादी खरी करायची तर एक आयुष्य पुरत नाही.

म्हणूनच ख्रिस्ती श्रद्धेचा दावा ऐकताना आधी हिशोबच आठवतो.

देव प्रत्येकाला व्यक्तिशः ओळखतो, नावानिशी, आणि प्रत्येकावर प्रेम करतो, हे वाक्य रविवारच्या प्रवचनात इतक्यांदा येतं की ते भिंतीवरच्या कॅलेंडरइतकंच दिसेनासं होतं. पण त्याच्या विचित्रपणाकडे नीट पाहायला हवं. चौथ्या शतकात जन्मलेला ऑगस्टीन, आजच्या अल्जीरियातल्या हिप्पोचा बिशप, स्वतःच्या भरकटलेल्या तारुण्याबद्दल लिहिताना देवाला उद्देशून म्हणतो की तू आमच्यातल्या प्रत्येकाची अशी काळजी वाहतोस, जणू तुला तेवढा एकच आहे. हे तो आपल्या आईच्या रडण्याबद्दल सांगता सांगता लिहितो, हे मला महत्त्वाचं वाटतं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात सुचलेलं ते वाक्य नाही. एका बाईनं एका पोरासाठी वर्षानुवर्षं जमीन भिजवली, त्या ओल्या जमिनीतून ते उगवलंय.

आणि मग त्या चिमण्या. मत्तय, लूक, योहान यांच्या नावांनी ओळखली जाणारी येशूच्या जीवनाची बायबलमधली पुस्तकं म्हणजे शुभवर्तमानं; त्यांत हा बाजारभाव दोनदा येतो आणि दोन्ही ठिकाणी तो वेगळा आहे. मत्तय लिहितो, दोन चिमण्या एका दमडीला विकतात. लूक लिहितो, पाच चिमण्या दोन दमड्यांना. शाळकरी गणितानं दोन दमड्यांना चार यायला हव्यात. पाचवी फुकट. कोथिंबिरीबरोबर भाजीवाली चार मिरच्या टाकते, तशी वरकड. आपल्या बायबलमधली दमडी म्हणजे मूळ ग्रीकमधलं अस्सारिओन. सोळा अस्सारिओन म्हणजे एक दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा दिवसाचा रोज. पूर्ण दिवसाच्या मजुरीत लूकच्या भावानं चाळीस चिमण्या यायच्या. चिमणी हे गरिबाचं मांस. बोकड परवडत नाही त्याच्या ताटातलं. येशू या बाजारात उभा राहून म्हणतो की त्यातल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. चारांचा विसर पडत नाही हे समजू शकतं, त्यांची काही किंमत तरी झाली. पण जिची किंमतच लावली गेली नाही, विकणाऱ्यानं हात सैल सोडून जी वर टाकली, तीसुद्धा मोजलेली आहे. तुमच्या डोक्यावरचे केसही मोजलेले आहेत, हे वाक्य लगेच त्याच्या पाठोपाठ येतं आणि ते सगळ्यांना पाठ असतं. पाचवी चिमणी मात्र बहुतेकांच्या वाचण्यातून निसटते.

समाजमाध्यमांच्या यंत्रात पाचव्या चिमणीचं काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. २००६मध्ये फेसबुकनं 'न्यूज फीड' आणली तेव्हापासून समोर काय यावं हे आपण ठरवत नाही. कुणी टाकलं, त्याच्याशी तुमचा आजवर किती व्यवहार झाला, तुम्ही थांबाल का, बोट दाबाल का, दोन शब्द लिहाल का, या सगळ्यांचे अंदाज बांधून क्रम लागतो. २००९मध्ये 'लाईक'चा अंगठा आला आणि हा अंदाज बांधणं आणखी सोपं झालं. या व्यवस्थेत जो बोलतो तो वर येतो. जो गप्प होतो तो खाली सरकतो. खाली सरकला म्हणून कुणाला दिसत नाही. दिसत नाही म्हणून कुणी बोट दाबत नाही. आणि बोट दाबलं जात नाही म्हणून आणखी खाली. यात कुणाचं कारस्थान नाही, उतारावरून पाणी वाहावं इतकं ते सरळ आहे. पण माणूस गप्प केव्हा होतो? नोकरी गेल्यावर. तपासणीचा कागद हातात आल्यावर. घरातलं कुणी गेल्यावर. म्हणजे नेमकी ज्या महिन्यात त्याला हाक मारायला हवी, त्याच महिन्यात यंत्र त्याला नजरेआड करतं.

येशूनं सांगितलेली मेंढपाळाची गोष्ट याच्या बरोबर उलटी चालते. शंभर मेंढरांतलं एक हरवतं, तो नव्याण्णव रानात सोडतो आणि त्या एकामागे जातो. धंद्याच्या हिशोबात हा मूर्खपणा आहे. नव्याण्णवांवर राखण कोण करतंय, लांडगा आला तर काय, हे लूक सांगत नाही. त्याच अध्यायात पुढे दहा नाण्यांतलं एक हरवतं. बाई दिवा लावते, घर झाडते, कोपरे धुंडाळते. आणि शेवटी दोन मुलांतला एक. शंभरात एक, दहात एक, दोनात एक. हरवलेल्यांनी काही पाठवलेलं नाही. मेंढरू निदान बेंबटतं तरी; नाणं तर आवाजसुद्धा करत नाही. घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पडलेल्या नाण्याला आपण हरवलोय हेही ठाऊक नसतं.

एक शंका इथे टाळता येत नाही. सगळं ठाऊक असणं म्हणजे प्रेम, असं कुठे आहे? बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एकशे एकोणचाळिसावं स्तोत्र देवाला म्हणतं की माझं बसणं आणि उठणं तू जाणतोस, माझं चालणं आणि निजणं तू निरखतोस, मी कुठे पळू? आज हे स्तोत्र फोनला उद्देशून म्हटलं तरी एक ओळ बदलावी लागणार नाही. खिशातलं यंत्र पावलं मोजतं, झोप मोजतं, कुठल्या चित्रावर बोट किती वेळ थबकलं ते मोजतं. आठवड्याभरात लग्नाच्या साड्यांच्या जाहिराती दिसायला लागतात आणि घरच्यांच्या आधी यंत्राला पत्ता लागतो. दोघंही आपल्याला आतबाहेर ओळखतात. मग फरक कशात? मला तो एकाच ठिकाणी दिसतो: त्या ओळखीची किंमत कोण मोजतं. यंत्राच्या ओळखीची किंमत जाहिरातदार मोजतो आणि विकले जातो आपण, आपलं लक्ष. ख्रिस्ती श्रद्धेत ज्याला ओळख आहे तोच किंमत मोजतो, आणि ती वर चर्चच्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेली दिसते. हे मान्य करायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण दोन्ही ओळखी एकाच जातीच्या आहेत असं म्हणणं आळशीपणाचं होईल.

दिसण्यासाठी काही टाकावं लागतं, हा आपल्या पिढीचा अलिखित नियम. येशूच्या भेटी हा नियम पाळत नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानात फिलिप्प हा शिष्य नथनेल नावाच्या माणसाला येशूकडे आणतो, तेव्हा येशू त्याच्याबद्दल असं बोलतो की नथनेल चमकून विचारतो, तू मला कुठून ओळखतोस? उत्तर येतं: फिलिप्पानं तुला बोलावण्याआधी, तू अंजिराच्या झाडाखाली होतास तेव्हाच मी तुला पाहिलं. त्या झाडाखाली नथनेल काय करत होता, योहान सांगत नाही. प्रार्थना करत असेल, डुलकी काढत असेल. ज्या क्षणी आपल्याला कुणी बघत नाही असं वाटत होतं, त्या क्षणातला तो आहे. जक्कयाची गोष्ट तर अजून गमतीची. यरीहोतला जकातदारांचा प्रमुख, पैसेवाला, बुटका, गावात नाव घ्यायलाही कुणी तयार नाही. गर्दीत दिसत नाही म्हणून हा बाप्या झाडावर चढतो. त्याला फक्त बघायचं होतं, स्वतः दिसायचं नव्हतं. आजच्या भाषेत, खातं न उघडता दुसऱ्याचं पान चाळायचं होतं. येशू त्या झाडाखाली थांबतो, वर बघतो आणि नावानं हाक मारतो. खाली उतर, आज तुझ्या घरी मुक्काम. जेवायला जायचं म्हणजे पुन्हा तासांचाच हिशोब आला.

आणि एक नाव याच्या टोकाला आहे. गेथशेमानेच्या बागेत येशूचाच शिष्य यहूदा चुंबन घेऊन पकडून द्यायला येतो तेव्हा मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू त्याला ज्या शब्दानं हाक मारतो, तो मराठी बायबलच्या प्रचलित भाषांतरात 'गड्या' असा आलाय. गड्या, ज्यासाठी आलास ते कर. ग्रीक शब्द जिवलगाचा नाही, सोबत्याचा आहे, आणि त्यात किती उपरोध, किती दुःख यावर अभ्यासक बोलत राहतात. पण शब्द परत घेतलेला नाही, एवढं खरं. इकडे 'अनफ्रेंड' हा शब्द २००९मध्ये ऑक्सफर्डच्या अमेरिकन कोशानं वर्षाचा शब्द म्हणून निवडला होता. यादीतून काढलेल्याला कळवलंसुद्धा जात नाही. ज्याला काढलं तो बिचारा सहा महिन्यांनी शुभेच्छा द्यायला जातो आणि दार आतून बंद असल्याचं त्याला तेव्हा समजतं.

देवाकडून मात्र निळी खूण येत नाही.

हे न सांगता हा लेख लिहिला तर तो खोटा होईल. व्हॉट्सअ‍ॅपवर २०१४च्या नोव्हेंबरात निळ्या खुणा आल्या आणि माणसाला न मिळालेलं उत्तर वेळेसकट मोजता यायला लागलं. वाचलं ११.४२ला, उत्तर नाही. प्रार्थनेत ती सोयही नाही. पोहोचलं का, वाचलं का, काहीच कळत नाही. मध्यरात्री टाकलेल्या एका उदास ओळीवर तीन मिनिटांत चार बदामाची चित्रं येतात, आणि ती खोटी असतात असं मी म्हणणार नाही. सौदीतल्या रात्रपाळीवरच्या भाच्यानं पाठवलेला बदाम, तेवढ्यापुरता का होईना, ऊब देतो. देव बदाम पाठवत नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर बायबलमधलं सगळ्यात काळोखं पान आहे: तू माझे सोबती माझ्यापासून दूर केलेस, अशी तक्रार करत ते अंधारातच संपतं, शेवटी उजाडत नाही. मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा अनेकांना धक्का बसला. जवळजवळ पन्नास वर्षं, थोडा काळ वगळता, त्यांना देवाचं अस्तित्व जाणवत नव्हतं. बाहेर कोलकात्याच्या रस्त्यावर हसरा चेहरा, आत कोरडी विहीर. ज्या बाईनं नेमक्या पाचव्या चिमण्या उचलून आणल्या, तिच्याकडे परतीची खूण आली नाही.

या कोरडेपणावर प्रार्थनेतल्या जाणकारांनी बारीक काम केलंय. सोळाव्या शतकातला इग्नेशियस लोयोला पूर्वी शिपाई होता, त्यामुळे त्याच्या सूचना कवायतीसारख्या नेमक्या आहेत. प्रार्थनेच्या शेवटी देवाशी असं बोलावं, तो सांगतो, जसा मित्र मित्राशी बोलतो: कधी काही मागत, कधी चूक कबूल करत, कधी आपली भानगड सांगून सल्ला विचारत. दिवसाची झडती घ्यायचे त्याचे टप्पे पाच. आधी मिळालेल्याचे आभार. मग स्वतःकडे नीट बघता यावं म्हणून मागणं. मग उठल्यापासून तासातासानं दिवस चाळणं. मग चुकलं त्याची क्षमा. मग उद्याचा निश्चय. पंधरा मिनिटं पुरतात. चूक होते ती तिसऱ्या टप्प्यावर: माणूस दिवस चाळायच्या ऐवजी दिवस मांडायला लागतो, जणू कुणाला दाखवायचाय. चांगलं ते पुढे, बाकी मागे. म्हणजे प्रार्थनेचीही पोस्ट होते. त्याची दुसरी सूचना मला फार आवडते. मन कोरडं असेल, उठून जावंसं वाटत असेल, तेव्हा ठरलेल्या तासाहून थोडं जास्तच बसावं. फोनला नेमकं उलटं शिकवलेलं असतं: काही मिळालं नाही तर खाली ओढ, पुन्हा ताजं कर, पुढे जा. कंटाळ्यात बसून राहणं हे मैत्रीचंही लक्षण आहे. दवाखान्याच्या बाकावर दोन माणसं तास तास न बोलता बसलेली दिसतात, त्यांचं नातं कुणाला विचारावं लागत नाही.

देवाला सखा म्हणायला मराठी माणसाला ख्रिस्ती व्हावं लागलं नाही, हेही इथे कबूल करायला हवं. जनाबाईबरोबर जात्याचा खुंटा धरणारा विठ्ठल आपल्या घरातलाच. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असं म्हणत, ते उगाच नाही. त्यांच्या अभंगांतला ख्रिस्त परदेशी साहेब वाटत नाही, कारण त्याच्याशी बोलायची भाषा पंढरीच्या वाटेवर आधीच तयार झाली होती. लडिवाळपणा, रुसवा, भांडण, सगळं त्या भाषेत बसतं. समाजमाध्यमांच्या भाषेत रुसवा बसत नाही. तिथे एक तर बदाम असतो नाही तर शांतता.

देवालाच समाजमाध्यमावरचा मित्र करून टाकायचे प्रकारही आता कमी नाहीत. काटेरी मुकुटातला येशू, खाली लाल अक्षरं: 'आमेन लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका', 'अकरा जणांना पाठवा, रात्रीपर्यंत चांगली बातमी येईल'. ज्यानं डोक्यावरचे केस मोजलेले आहेत त्याला अकरा फॉरवर्ड मोजत बसवलंय. अशा पोस्टमागे भक्ती कमी आणि शेतकी जास्त असते. आमेन जमले की पान वर येतं, पान वर आलं की ते विकता येतं. २०१७च्या डिसेंबरात फेसबुकनंच अशा आमिषाच्या पोस्ट खाली ढकलायचं जाहीर केलं. चर्चनं सांगून जे थांबलं नाही ते यंत्रानं थोडं थांबवलं, याला काय म्हणावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. याउलट, २०२०च्या मार्चमध्ये देवळं बंद झाली तेव्हा याच पडद्यावर मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, दिसली. २७ मार्चला पावसात ओल्या, रिकाम्या सेंट पीटर चौकात पोप फ्रान्सिस एकटे चालत गेले, तेव्हा घराघरांतल्या म्हाताऱ्यांनी फोनच्या काचेसमोर गुडघे टेकले. काचेतून जेवढं येऊ शकतं तेवढं तेव्हा आलं. मिस्सेत वाटला जाणारा पाव, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, मात्र काचेतून येत नाही.

तो हातानंच द्यावा लागतो, आणि हे 'व्यक्तिशः प्रेम' प्रत्यक्षात कसं दिसतं ते बघायचं असेल तर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी बघावं. अनेक धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या वस्त्यांत, त्या दिवशी अंथरुणाला खिळलेल्यांकडे ख्रिस्तप्रसाद नेतात. धर्मगुरू किंवा नेमलेला प्रापंचिक सेवक, गळ्यात अडकवलेल्या छोट्या पिशवीत हातघड्याळाएवढी झाकणाची डबी. घरच्यांनी खाटेजवळच्या स्टुलावर पांढरं फडकं अंथरायचं, क्रूस ठेवायचा, मेणबत्ती लावायची, पाण्याचा पेला भरून ठेवायचा. गिळायला त्रास होतो म्हणून त्या पावाचा चिमटीएवढा तुकडा मोडून देतात. पाच-सात मिनिटांचं काम. पण म्हातारी आदल्या रात्रीच नातीला सांगून केस विंचरून घेते. खोलीत व्हिक्सचा आणि ओल्या चादरीचा वास असतो, आलेला माणूस तो नाकावर न दाखवता तिचं नाव घेऊन प्रार्थना सुरू करतो. सगळा डोलारा उभा असतो एका यादीवर: कुठल्या आळीत कोण पडून आहे, कुणाला जिना उतरता येत नाही, कुणाला सूनबाईनं नाशिकला नेलं. यादी चुकते ती अशी: कुणी आपणहून कळवत नाही, आणि म्हातारं माणूस 'कशाला त्रास' म्हणून स्वतःचं नाव घालू देत नाही. मग एखादी शेजारीण मिस्सा सुटल्यावर पायरीवर धर्मगुरूंना गाठते आणि म्हणते, फादर, त्या कोपऱ्यातल्या घरात पण जाऊन या. देवाच्या सर्वज्ञपणाचा इथला पत्ता बहुधा त्या शेजारणीचा असावा.

नावाचंही तसंच. स्नानसंस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या, दारात धर्मगुरू आईबापांना पहिला प्रश्न विचारतो, बाळाचं नाव काय ठेवलंत? दफनाच्या प्रार्थनेतही तेच पहिलं नाव येतं, पदव्या आणि हुद्दे गळून. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, वसईतल्या दफनभूमीत संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. गवत उपटलेलं, झेंडूच्या पाकळ्या, मेणाचे ओघळ, वाऱ्यानं विझलेली मेणबत्ती शेजारच्या ज्योतीवर पेटवून घेणारी पोरं. त्या गर्दीत कुणी कुणाला उदंड आयुष्य चिंतत नाही. कोण आहे आणि कोण नाही, याबद्दल तिथे कुणाचाच गोंधळ नसतो.

दुपारपर्यंत काकांच्या भिंतीवर आणखी शुभेच्छा आल्या. 'पार्टी कधी'च्या खाली कुणीतरी लिहिलं: 'अरे, काका गेले रे. दोन वर्षं झाली.' पार्टीवाल्यानं लगेच एक रडकं तोंड टाकलं, मग थोड्या वेळानं स्वतःची दोन्ही वाक्यं पुसून टाकली. बाकीच्या शुभेच्छा तशाच राहिल्या. खातं स्मृतीत घालायचा तो अर्ज अजून कुणी भरलेला नाही. त्यात फार काही विचारत नाहीत: कोण गेलं, कोणत्या तारखेला गेलं, आणि पुरावा. तारखेच्या चौकटीशी पुष्कळ जण अडत असणार. पावसाळा होता, एवढं सगळ्यांना आठवतं.